आधी अंदाज, मग हेडफोन

वाचकाचे पत्र

मी एका महाविद्यालयात ऑडिओलॉजीच्या (श्रवणशास्त्राच्या) एम.एस्सी. विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल पोस्टिंगची जबाबदारी सांभाळते. मोठ्या माणसांची तपासणी आमचे विद्यार्थी सफाईने करतात; वीस मिनिटांत ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, तयार असतो. मूल आले की मात्र सगळे गडबडतात. मूल रडते, हेडफोन भिरकावते, बाहेर ओपीडीची रांग वाढत जाते आणि शेवटी मीच पुढे होऊन तपासणी उरकते. मागच्या महिन्यात मी रजेवर असताना एका विद्यार्थिनीने दोन वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर ‘सर्व फ्रिक्वेन्सींना प्रतिसाद नाही’ असे लिहिले आणि ‘हिला ऐकू येत नाही’ असे आईवडिलांना सांगूनही टाकले. मुलगी रडून हैराण झाल्यामुळे ओएई (कानात प्रोब बसवून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी, मुलाच्या उत्तराची गरज नसलेली तपासणी) राहूनच गेली होती. आजी म्हणाली, ‘हिचा बापही उशिराच बोलायला लागला होता,’ आणि ते कुटुंब जे गेले ते परत आलेले नाही. माझे प्रश्न तीन आहेत. विद्यार्थ्यांना आधी मोठ्यांची तपासणी पक्की शिकवून मग मुलांकडे वळवावे की दोन्ही एकत्र शिकवावे? मी मध्ये कधी पडावे? आणि लॉगबुकातले तास भरले म्हणजे विद्यार्थी तयार झाला असे समजावे का?

— एक क्लिनिकल सुपरवायझर, पश्चिम महाराष्ट्र

सदराचे उत्तर

स.न.वि.वि.

आपल्या प्रश्नांकडे वळण्याआधी त्या मुलीविषयी लिहिणे भाग आहे. केसपेपरवरचा नंबर काढून आपण स्वतः त्या घरी फोन करावा. हे काम विद्यार्थिनीवर सोपवू नये. सांगायचे ते एवढेच, की त्या दिवशीची तपासणी अपुरी राहिली, तिच्यावरून मुलीला ऐकू येते की नाही हे ठरवता येत नाही, ती पुन्हा करावी लागेल, आणि मूल झोपलेले असताना करता येतील अशाही तपासण्या असतात. फोन लागला नाही तर गावातल्या आशा सेविकेमार्फत किंवा अंगणवाडीमार्फत निरोप पाठवावा. जन्मल्यापासून महिनाभरात ऐकण्याची चाळणी-तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचारांना सुरुवात, असे उद्दिष्ट आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात पाठ करायला लावतो. त्या हिशेबाने दोन वर्षांच्या मुलीला आधीच उशीर झालेला आहे. तिला खरोखरच कमी ऐकू येत असेल, तर आजीच्या त्या वाक्याच्या आधारावर आणखी एक वर्ष सहज निघून जाईल. आणि तिला व्यवस्थित ऐकू येत असेल, तर एका घाईच्या ओळीचे ओझे ते घर विनाकारण वाहत असेल.

त्या ओळीपासूनच सुरुवात करू. मूल आवाजाकडे वळले नाही, याची निदान चार कारणे असू शकतात. आवाज ऐकूच आला नसेल. आवाज आला की वळायचे असते हे त्याला कोणी शिकवलेच नसेल. शिकवले असेल, पण तोवर त्याला कंटाळा आला असेल. किंवा ते वळलेही असेल आणि विद्यार्थिनीचे डोळे त्या क्षणी ऑडिओमीटर या मोजके आवाज देणाऱ्या यंत्राच्या आकड्यांवर असतील. आपल्या विद्यार्थिनीने या चारांतले पहिले कारण निवडले, आणि आपण निवड करत आहोत हेसुद्धा तिच्या ध्यानात आले नसावे.

माझे पुढचे मत कदाचित कठोर वाटेल. आपले विद्यार्थी मोठ्यांच्या तपासणीतही कच्चे आहेत. मोठी माणसे सांभाळून घेतात म्हणून ते दिसत नाही. खुर्चीवर बसलेला समजूतदार माणूस तपासणीतल्या निम्म्या चुका स्वतःच दुरुस्त करतो, मूल तसे करत नाही. त्यामुळे ‘मोठी माणसे जमतात, मुले जमत नाहीत’ हे निदान सोडून, तपासणी शिकवण्याची रीतच मुळापासून तपासावी असे मी सुचवेन.

ऑडिओमीटर चालवणे अवघड नाही. १००० हर्ट्झपासून सुरुवात करायची, ऐकू आले की दहा डेसिबल खाली उतरायचे, नाही आले की पाच वर चढायचे, आणि चढताना तीनपैकी दोन वेळा प्रतिसाद मिळेल ती सर्वांत खालची पातळी थ्रेशोल्ड म्हणून लिहायची, ही कारहार्ट आणि जर्गर या अमेरिकी संशोधकांनी १९५९ साली पक्की करून दिलेली पद्धत कोणताही हुशार विद्यार्थी आठवड्याभरात आत्मसात करतो. गोम अशी, की ही पद्धत आली की ऑडिओलॉजी आली असे त्याला वाटू लागते. कागदावर उजव्या कानासाठी गोल आणि डाव्यासाठी फुल्या उमटतात, त्यांना रेषेने जोडले की चित्र पूर्ण होते, आणि पूर्ण झालेल्या चित्रावर शंका घेणे कोणाच्याही जिवावर येते.

यावर माझा उपाय साधा आहे. हेडफोन लावण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला अंदाज पेन्सिलीने लिहून ठेवायचा. केस हिस्टरी घेऊन झाली आहे, ओटोस्कोपने कानात पाहून झाले आहे, माणसाशी पाच मिनिटे बोलणे झाले आहे. एवढ्यावर कोणता कान, साधारण किती डेसिबल, कंडक्टिव्ह (आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचण्यातला दोष) की सेन्सरीन्यूरल (आतल्या कानाचा किंवा नसेचा दोष), आणि ऑडिओग्रामचा आकार कसा, हे चार रकाने त्याने भरायचे आणि प्रत्येकापुढे एका ओळीत कारण द्यायचे. मग तपासणी. अंदाज आणि निकाल जुळले तर उत्तम. जुळले नाहीत, तर दोन्हींपैकी काय चुकले हे सापडेपर्यंत त्या ऑडिओग्रामवर आपण सही करायची नाही. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नयेत. तसे केले तर विद्यार्थी तपासणी संपल्यावर अंदाज लिहायला लागतील, आणि ते त्यांना फार छान जमते.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर आयुष्य काढलेला कामगार आला, तर अंदाज असा असावा: दोन्ही कान, ४००० हर्ट्झला खड्डा, ८००० ला थोडी सुधारणा, हवेतून (हेडफोनने) आणि हाडातून (कानामागच्या हाडावर बोन व्हायब्रेटर हा कंपक ठेवून) ऐकण्यात फरक नाही. त्याला कानात सतत शिट्टी वाजल्यासारखे होत असणार हेही लिहावे, कारण मग तो टोन नसतानाही बटण दाबणार, आणि अशा वेळी सलग टोनऐवजी तुटक टोन किंवा वॉर्बल (लहरत जाणारा) टोन द्यावा हे विद्यार्थ्याला आधीच सुचेल. पंच्याहत्तरीच्या आजोबांच्या ऑडिओग्राममध्ये वरच्या फ्रिक्वेन्सींना हवा आणि हाड यांच्यात वीस-पंचवीस डेसिबलची दरी दिसली, टिम्पॅनोग्राम (कानाच्या पडद्याच्या हालचालीचा आलेख) मात्र सरळ ‘ए’, म्हणजे नॉर्मल, प्रकारचा आला, तर अंदाज लिहिलेला विद्यार्थी थबकतो. उतारवयात कानाच्या दाराशी असलेली कूर्चा सैल पडते आणि हेडफोनच्या दाबाने नळीच बंद होते. कानाच्या नळीत बसणारे इन्सर्ट इअरफोन लावले की ती दरी नाहीशी होते. अंदाज न लिहिलेला विद्यार्थी ‘मिक्स्ड लॉस’ (दोन्ही प्रकारचा दोष) असे लिहून मोकळा होतो.

सूचना देण्याचेही तसेच आहे. ‘आवाज आला की बटण दाबा’ एवढेच सांगितले, तर पुष्कळ माणसे आवाज नीट, खणखणीत येईपर्यंत थांबतात, आणि दहा-पंधरा डेसिबलचा बहिरेपणा फुकटात पदरात पडतो. ‘आवाज अगदी बारीक असेल, लांबून आल्यासारखा वाटेल, आला की नाही अशी शंका आली तरी दाबा, चुकले तर काही बिघडत नाही’ असे सांगावे, समोर बसून, हेडफोन लावण्याआधी सांगावे, आणि त्या माणसाकडून ते एकदा वदवून घ्यावे. हे वाक्य विद्यार्थ्याला मराठीत सहज आले पाहिजे. आपल्याकडे एम.एस्सी.ला दुसऱ्या राज्यांतून आलेली मुलेमुली बरीच असतात. त्यांच्याकडून या सूचनांचा सराव वर्गातच करून घ्यावा, नाहीतर ती हातवारे करून भागवतात आणि हातवाऱ्यांमध्ये ‘शंका आली तरी’ बसत नाही.

मास्किंगवर, म्हणजे एक कान तपासताना दुसरा कान गोंगाटाने गुंतवून ठेवण्यावर, मात्र भरपूर वेळ खर्च करावा. मी पाहिले आहे, की विद्यार्थ्यांना त्याचे नियम पाठ असतात. साध्या हेडफोनने दिलेला आवाज साधारण चाळीस डेसिबलच्या पुढे कवटीतून पलीकडच्या कानात पोहोचू शकतो, हाडातून दिलेला तर जवळपास जसाच्या तसा पोहोचतो, हे ते परीक्षेत लिहितात आणि ओपीडीत विसरतात. त्यांना एक केस कागदावर द्यावी. बाई पस्तिशीच्या, उजव्या कानाने कमी ऐकू येते, लहानपणी गालगुंड झाला होता, फोन नेहमी डाव्या कानाला लावतात, दोन्ही पडदे स्वच्छ. मास्किंगशिवाय तपासले, तर उजव्या कानाचे हवेतून आलेले आकडे ५५-६० च्या आसपास येतील आणि हाडातून सगळे नॉर्मल. चित्र दिसेल कंडक्टिव्ह लॉसचे, म्हणजे शस्त्रक्रियेने कदाचित सुधारेल अशा कानाचे. प्रत्यक्षात गालगुंडाने तो कान आतून पूर्ण गेलेला आहे, आणि कागदावर उमटलेली सगळी रेघ डाव्या कानाची सावली आहे. ज्याने ‘गालगुंड, एक कान, सेन्सरीन्यूरल, खूप जास्त’ असा अंदाज आधी लिहिला आहे, तो या चित्रापाशी अडखळेल. कपाळाच्या मध्यावर कंपन देऊन ते कोणत्या कानात ऐकू येते हे पाहणारी वेबर चाचणी करून पाहील, आणि तिचा आवाज डावीकडे गेला की, कंडक्टिव्ह लॉस असता तर तो उजवीकडे गेला असता, हे त्याच्या ध्यानात येईल. मग तो हूडच्या प्लेटो पद्धतीने, म्हणजे आकडा स्थिर होईपर्यंत, डाव्या कानात गोंगाट वाढवत नेईल आणि उजव्या कानाचे आकडे त्याबरोबर घसरत घसरत ऑडिओमीटरच्या तळाला लागलेले पाहील. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुन्हा मास्किंग टाळत नाही.

सरावासाठी दुसरा कान मेलेला रुग्ण शोधत बसण्याची गरज नाही. फोमचा साधा इअरप्लग विद्यार्थ्याच्या एका कानात खोल बसवावा आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याची पूर्ण तपासणी करायला सांगावी. चांगली कंडक्टिव्ह केस घरच्या घरी तयार होते, आणि खालच्या फ्रिक्वेन्सींना हाडाचे आकडे उलट सुधारलेले पाहून ऑक्लुजन इफेक्ट (कान बंद केल्यावर हाडातून येणारा आवाज मोठा वाटणे) काय असतो हेही समजते. शिवाय प्लग घातलेल्या विद्यार्थ्याला दुपारभर तसाच राहू द्यावा. कॅन्टीनमध्ये त्याचे काय होते ते तोच सांगेल.

मोठ्यांविषयी आणखी एकच मुद्दा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणे’ (६० ते ७० डेसिबल) आणि ‘बहिरेपणा’ (७० डेसिबल) यांच्या व्याख्या आकड्यांवर आधारलेल्या असल्यामुळे प्रमाणपत्रासाठी आलेल्या माणसाच्या ऑडिओग्रामला पैशाचे आणि नोकरीचे मोल येते. आकडे ८० चे असूनही माणूस पाठीमागून हळू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, टोनचे आकडे आणि शब्दांची चाचणी यांचा मेळ बसत नाही, किंवा एकदाही चुकून बटण दाबले जात नाही, या खुणा विद्यार्थ्याला ओळखता आल्या पाहिजेत. एका कानाची तक्रार असेल तर स्टेंगर चाचणी (एका कानाचा बहिरेपणा खरा आहे का ते तपासणारी) करता आली पाहिजे. पण ‘खोटारडा’ हा शेरा तोंडातून किंवा चेहऱ्यावरूनही निघता कामा नये. पुन्हा सूचना देऊन, ‘यंत्र जरा नीट लावतो’ म्हणून नव्याने तपासले की निम्मी माणसे आपणहून खऱ्या आकड्यावर येतात.

आता मुलांकडे. दोन्ही एकत्र शिकवावे, हे माझे उत्तर आहे. आणि पहिल्या आठवड्यापासून. मोठ्यांच्या तपासणीत विद्यार्थ्याचे डोळे पॅनेलवर राहिले तरी चालून जाते, ती सवय एकदा पक्की झाली की मुलांसमोर मोडणे कठीण जाते. लहान मुलांच्या तपासणीला तशीही दोन माणसे लागतात: एक ऑडिओमीटरवर आणि एक आत, मुलासमोर. नव्या विद्यार्थ्याला आतल्या जागी बसवावे. तिथे त्याच्या हातात कोणतेही बटण नसते, त्यामुळे मुलाकडे पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आतल्या माणसाचे काम दिसते त्याहून नाजूक असते. सहा महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी व्हीआरए (मूल आवाजाकडे वळले की बक्षीस म्हणून उजळणारे खेळणे दाखवण्याची तपासणी) वापरतो तेव्हा मुलाचे लक्ष समोर, मध्यभागी, जेमतेम गुंतलेले हवे. हातातली वस्तू कंटाळवाणी असेल तर मूल स्वतःच इकडेतिकडे बघू लागते आणि त्यातले निम्मे वळणे खोटे असते. आणि विद्यार्थी जत्रेतल्या खेळणीवाल्यासारखा खुळखुळे वाजवू लागला, तर आवाज ऐकूनही मूल वळत नाही. एक लाकडी ठोकळा, एक मऊ बाहुली, ती हळूहळू फिरवत राहायचे. आवाज सुरू झाला की स्वतः थांबायचे नाही, भुवया उंचवायच्या नाहीत, दिव्याच्या पेटीकडे बघायचे नाही. मुले आवाजापेक्षा माणसाचा चेहरा अधिक चांगला वाचतात. आईलाही हेच सांगावे लागते. टोन आला की तिचा हात मुलाच्या दंडावर नकळत घट्ट होतो, आणि मूल त्या हाताला उत्तर देते.

त्यापुढचा टप्पा शिकवण्याचा, म्हणजे कंडिशनिंगचा. आधी मुलाला नक्की ऐकू येईल अशा पातळीवर आवाज आणि पेटीतले उजळणारे अस्वल यांची जोडी लावायची. दोन-तीन वेळा जोडी झाली की फक्त आवाज देऊन थांबायचे. मूल आपणहून अस्वलाकडे वळले, तरच पुढची तपासणी सुरू होते. तसे झाले नाही आणि आवाज कितीही वाढवला तरी मूल ढिम्म राहिले, तर आपल्या विद्यार्थिनीने लिहिली ती ओळ लिहिण्याचा मोह होतो. इथे एक युक्ती हमखास शिकवावी. बोन व्हायब्रेटर मुलाच्या हातात द्यावा किंवा कानामागे धरावा आणि २५० हर्ट्झचा जोरदार टोन द्यावा. तो ऐकू आला नाही तरी त्वचेला जाणवतो. त्या थरथरीला मूल अस्वलाकडे वळायला शिकले, तर खेळ त्याला समजला आहे आणि आवाजाला ते वळत नाही यामागे ऐकण्याचे कारण असण्याची शक्यता बळावते. थरथरीलाही शिकले नाही, तर आजच्या तपासणीतून ऐकण्याविषयी काहीही कळलेले नाही, आणि रिपोर्टात तेच लिहायचे: ‘मूल कंडिशन झाले नाही, तपासणी अपूर्ण, पुन्हा बोलवावे.’ ही ओळ लिहिताना विद्यार्थ्यांना कमीपणा वाटतो. तो वाटू नये याची जबाबदारी आपली.

मधून मधून आवाज न देता थांबून पाहावे आणि त्या वेळीही मूल वळते का ते टिपून ठेवावे. असे रिकामे डाव नसतील तर मिळालेल्या प्रतिसादांचे मोल ठरवता येत नाही. आणि मुलाकडून एकूण प्रतिसाद मोजकेच मिळणार हे धरून क्रम ठरवावा: मोठ्यांसारखी एका कानाची सगळी रेघ पुरी करत बसू नये; २००० आणि ५०० हर्ट्झ आधी, शक्य तितक्या लवकर दुसऱ्या कानाकडे, उरले तर ४०००. ‘समजा हे मूल आता दोनच उत्तरे देणार आहे, तू कोणते दोन प्रश्न विचारशील?’ असे, विद्यार्थी आत जाण्यापूर्वी, आपण त्याला विचारावे. सहा महिन्यांखालच्या बाळाची वर्तनावरून केलेली तपासणी हे केवळ निरीक्षण असते, त्यातून थ्रेशोल्ड मिळत नाही, एवढे एका वाक्यात सांगितले तरी पुरे. अडीच-तीन वर्षांपुढे ठोकळा गालाशी धरून आवाज आला की बादलीत टाकण्याचा खेळ चालतो. तो बहुतेक विद्यार्थ्यांना लवकर जमतो, फक्त मूल ठोकळा टाकण्याआधी त्यांच्या हाताकडे किंवा काचेतल्या प्रतिबिंबाकडे पाहत नाही ना हे तपासावे.

मुलांसाठीही अंदाज लिहायचाच, आणि तो आईवडिलांच्या बोलण्यावरून. ‘ताट वाजवले की बघतो’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या घरातून येते. विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: ताट वाजवणारा माणूस मुलाला दिसत होता का, मूल त्याच जमिनीवर बसले होते का, ताट किती जवळ होते? ताटाचा आवाज फार मोठा असतो आणि त्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेल्या असतात. वरच्या फ्रिक्वेन्सींना खूप कमी ऐकू येणारे मूलही त्याकडे वळेल, आणि त्याच मुलाला ‘स’ आणि ‘श’ ऐकू येत नसतील. आईने दुसऱ्या खोलीतून हळू हाक मारली तर काय होते, मोबाइलवरचे आवडते गाणे पडदा न दिसता लावले तर काय होते, याची उत्तरे अधिक उपयोगी पडतात. ‘वाहिन्या-मोबाइल ऐकतो, पण आम्ही बोलावले की येत नाही’ अशी तक्रार असेल, तर अंदाजात ऐकण्याखेरीज दुसऱ्या शक्यताही लिहाव्यात.

शब्दांच्या चाचणीबाबत एक सावधगिरी. मेळघाटातून आलेल्या मुलाच्या घरी कोरकू बोलतात, नंदुरबारच्या डोंगरातून आलेल्याच्या घरी पावरी किंवा भिली. त्यांना प्रमाण मराठीतली चित्रे दाखवून ‘दाखव’ म्हटले आणि जमले नाही, तर आपण भाषा तपासली, कान नव्हेत. घरातल्या मोठ्या माणसाला आधी चित्रे दाखवून, यातल्या कोणत्या वस्तू मूल ओळखते आणि त्यांना घरी काय म्हणतात, हे विचारून तेवढीच चित्रे घ्यावीत. निकाल गुणांमध्ये मांडता आला नाही तरी चालेल.

ओएई आणि बेरा (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू देतात तो विद्युत प्रतिसाद मोजणारी तपासणी) यांच्याविषयी थोडक्यात. मूल वळत नाही म्हटल्यावर विद्यार्थी ‘बेरा करून टाकू’ म्हणतात, जणू ती तपासणी शंकेपलीकडची असते. क्लिकच्या क्षणिक आवाजाने केलेली बेरा मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या भागाविषयी सांगते. ती नॉर्मल आली म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीही नॉर्मल, असे होत नाही, आणि ९० डेसिबलला पाचवी लाट (जिच्यावरून प्रतिसाद आहे असे धरतात) दिसली नाही म्हणजे ऐकणे शून्य, असेही होत नाही. ओएई आहे आणि बेरात लाटाच नाहीत, अशी ऑडिटरी न्यूरोपॅथीची (आतला कान प्रतिसाद देतो, पण नसेतून संदेश नीट जात नाही) मुले असतात. दोन्हींपैकी एकच तपासणी केली तर ती निसटतात. सहा महिन्यांखालच्या बाळाचा टिम्पॅनोग्राम २२६ ऐवजी १००० हर्ट्झच्या प्रोब टोनने घ्यावा लागतो, याची आठवण यंत्राशेजारी चिकटवून ठेवावी. जर्गर आणि हेज यांनी १९७६ साली मांडले, की मुलाच्या एका तपासणीचा निकाल दुसऱ्या स्वतंत्र तपासणीने दुजोरा दिल्याशिवाय स्वीकारू नये. त्या दोन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ओएई राहून गेली असताना रिपोर्ट मात्र लिहिला गेला, तिथे नेमका हा दुजोराच हरवला. झोपेचे औषध देण्याचा निर्णय डॉक्टरांचा आहे. विद्यार्थ्याने शिकायचे ते हे, की मुलाला सकाळी लवकर उठवून, वाटेत झोपू न देता, भरवून आणायला आईला आदल्या दिवशीच कसे सांगावे.

आपण मध्ये कधी पडावे? मुलाला इजा होण्याची शक्यता असेल, कानात पू किंवा रक्त दिसत असूनही विद्यार्थी प्रोब घालायला निघाला असेल, मूल घाबरून रडत असूनही तो रेटून नेत असेल, किंवा तो आईवडिलांना चुकीचे सांगू लागला असेल, तर लगेच. बाकी वेळी हात मागे बांधून बसावे. रांग वाढते हे कारण मला मान्य आहे, पण त्यावर उपाय वेळापत्रकात आहे: तीन वर्षांखालच्या मुलांची तपासणी ओपीडीच्या गर्दीत ठेवूच नये, आठवड्यातली एक-दोन सकाळची सत्रे त्यांच्यासाठी राखावीत, आणि एका बैठकीत तपासणी पुरी झाली नाही तर पुढची तारीख द्यायला विद्यार्थ्याने कचरू नये. मध्ये पडावेच लागले, तर ऑडिओमीटर ताब्यात न घेता आतल्या माणसाची जागा घ्यावी. त्यामुळे मूल सावरते, बटण विद्यार्थ्याच्याच हातात राहते, आणि घरच्यांसमोर त्याचा पाणउतारा होत नाही. प्रश्न विचारायचाच असेल तर चिठ्ठीवर लिहून सरकवावा: ‘आत्ता ते वळले ते कशामुळे?’

आईवडिलांना निकाल सांगण्याचे काम मात्र पहिल्या वर्षभरात विद्यार्थ्याने एकट्याने करू नये. त्याने शेजारी बसावे, ऐकावे, नंतर वर्गात दोन सहकाऱ्यांना आई आणि आजी करून त्याचा सराव करावा. आजीच्या वाक्याला उत्तर काय द्यायचे, हा प्रश्न त्या सरावात हमखास घ्यावा. मी तरी असे म्हणेन: ‘बाप उशिरा बोलला असेल, आजी, पण हिला ऐकू येते की नाही हे आपल्याला झोपेत तपासता येते, ते एकदा बघून टाकू.’ आजीचे म्हणणे खोडून काढले की पुढच्या तारखेला कोणी येत नाही.

लॉगबुकातले तास भरावेच लागतात, कारण रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत क्लिनिकल प्रात्यक्षिकाला पर्याय नाही. पण त्याच लॉगबुकात आपण एक जादा पान जोडू शकता. त्यावर प्रत्येक केसपुढे विद्यार्थ्याचा आधीचा अंदाज, मिळालेला निकाल आणि दोन्हींत तफावत असल्यास तिचे सापडलेले कारण, एवढेच असावे. सत्राच्या अखेरीस तास मोजण्याऐवजी हे पान वाचावे. ज्याचे अंदाज सगळे बरोबर आहेत त्याच्याकडे नीट लक्ष द्यावे, तो सोप्या केस निवडत असेल किंवा नंतर लिहीत असेल. ज्याच्या पानावर तफावती आहेत, आणि त्यांच्यापुढे ‘हेडफोनची वायर सैल होती’, ‘मास्किंग कमी पडले’, ‘आईचा हात’, ‘कारण सापडले नाही, पुन्हा बोलावले’ अशा नोंदी आहेत, त्याला मी मुलांच्या सत्रात एकट्याने बसू देईन. त्या विद्यार्थिनीलाही असे पान आजपासून द्यावे, आणि तिची पहिली नोंद त्या दोन वर्षांच्या मुलीचीच असावी: फेरतपासणीच्या दिवशी तिला आत, मुलीसमोर बसवावे, ऑडिओमीटरवर आपण असावे, आणि अंदाज दोघींनी वेगवेगळा लिहावा.